बंगल्याची अनामत

गुरुवारी रात्री पावणेदहाला मेसेज आला तेव्हा मी दशम्या भाजत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला डोंबिवलीहून निघायचं होतं. बाबांच्या गोळ्यांची पिशवी दाराजवळच्या स्टुलावर ठेवून झाली होती आणि पुण्याहून निघणाऱ्या भावाशी पेणला कुठे भेटायचं यावर फोनवर बोलणं चालू होतं. मेसेज नागावच्या बंगल्याच्या मालकाचा होता. नमस्कार-चमत्कार झाल्यावर खाली चार ओळी. दुपारी एकनंतर या. सगळ्यांची ओळखपत्रं आणा. रात्री दहानंतर स्पीकर लावू नका. आणि चौथी ओळ : 'रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट पंधरा हजार, गेटवर, रोख किंवा यूपीआय. डिपॉझिटशिवाय चावी मिळणार नाही.'

तव्यावरची दशमी करपली.

ही २०२४च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बाबांना एक्याऐंशी लागलं होतं. सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घालावा असं आम्हा भावंडांच्या मनात होतं, पण बाबांनी हॉल, भटजी, जेवणावळ सगळ्यालाच नकार दिला. 'सगळे मिळून दोन दिवस समुद्रावर राहू, तेवढं करा,' एवढंच म्हणाले. सगळे म्हणजे चौदा जण. सर्वांत लहान माझी पाच वर्षांची नात, सर्वांत मोठे बाबा. आमच्याकडे बुकिंगची कामं माझ्या गळ्यात असतात. मी तीन आठवडे अॅपवर बंगले बघत होते. बाबांसाठी तळमजल्यावर खोली हवी, कमोड हवा, जिना नको, समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा. शेवटी नागावला चार खोल्यांचा एक बंगला सापडला. दोन रात्रींचे, कर आणि साफसफाईचे अठराशे धरून, एकूण शेहेचाळीस हजार. 'एकूण' हा शब्द ठळक अक्षरांत होता. दीड महिना आधी मी सगळे पैसे भरले आणि घरच्या ग्रुपवर हिशेब टाकला. प्रत्येकाने आपापला वाटा दिला. व्यवहार संपला असं मी धरून चालले होते.

आता पुन्हा अॅप उघडलं. फोटो, सोयी, नकाशा, अभिप्राय हे सगळं ओलांडून तळाशी 'घराचे नियम' होते. त्यांतले पहिले चार दिसत होते, बाकीचे 'आणखी वाचा'च्या आड. ते दाबल्यावर अकराव्या ओळीत सापडलं : 'प्रॉपर्टीवर सिक्युरिटी डिपॉझिट आकारलं जाऊ शकतं.' किती, ते नाही. कशाबद्दल कापणार, परत कधी देणार, तेही नाही. नुसतं 'शकतं'. त्या एका क्रियापदाला आमचे पंधरा हजार टांगलेले होते.

अॅपच्या हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा बोलला. फार अदबीने बोलला. डिपॉझिट हा पाहुणा आणि मालक यांच्यातला विषय आहे, आमच्याकडे त्याची नोंद नसते, असं त्याने सांगितलं. 'मॅडम, तुम्हाला मान्य नसेल तर बुकिंग रद्द करू शकता.' मी विचारलं, पैसे किती परत मिळतील? त्याने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, 'शून्य.' मोफत रद्द करायची मुदत मुक्कामाच्या सात दिवस आधी संपली होती.

मेसेज आदल्या रात्री का येतो, हे तेव्हा मला समजलं. तोच मेसेज दहा दिवस आधी आला असता तर मी दुसरं घर बघितलं असतं, निदान घासाघीस तरी केली असती. आदल्या रात्री आला की माणसाच्या हातात काहीच उरत नाही. शेहेचाळीस हजार अडकलेले असतात, चौदा जणांच्या रजा मंजूर झालेल्या असतात, पोरांच्या बॅगा भरलेल्या असतात. नाही म्हणायचं स्वातंत्र्य कागदावर असतं, पण त्याची किंमत शेहेचाळीस हजार असते.

भावाला सांगितलं तर तो हसायला लागला. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. 'ताई, आमदारकीला उभं राहायला दहा हजार अनामत, खासदारकीला पंचवीस. पंधरा म्हणजे मधली कुठली खुर्ची देतायत आपल्याला?' बाबा आतल्या खोलीत जागेच होते. तिथूनच म्हणाले, 'निवडणुकीत बरं असतं. एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर अनामत जप्त, हे अर्ज भरतानाच माहीत असतं. इथे कशाने जप्त होणार ते विचारलंस का?'

मी विचारलं नव्हतं. मेसेज करून विचारलं. उत्तर आलं : 'डॅमेज असेल तरच.' पुढे हात जोडल्याचं चित्र.

बाबा एसटीच्या डेपोत स्टोअर सांभाळायचे. २००१ साली निवृत्त झाले, पण मोजायची सवय सुटली नाही. लहानपणी आमच्या घरी पितळेचे डबेसुद्धा एका वहीत लिहिलेले असत. त्या रात्री त्यांनी उठून कपाटातून एक दोनशे पानी वही काढली, पेन लावून पिशवीत ठेवली आणि झोपले.

सकाळी निघालो. पेणला भावाची गाडी भेटली, पोह्याचे पापड घेऊन झाले, वडखळ नाक्यावर नेहमीसारखं अडकून झालं. पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबाग ओलांडलं तेव्हा साडेबारा वाजले होते. नुकताच बाजारात आलेला पांढरा कांदा रस्त्याकडेला माळा करून टांगलेला होता. या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून विकणाऱ्या बायका त्याचा भाव सांगतानाही जरा ताठ मानेने सांगतात. बाबांनी एक माळ घेतली. आधी गड्ड्या मोजल्या, मग पैसे दिले.

नागावच्या वाडीतून आत गेलो. दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळ, मधून लाल मातीचा रस्ता, शेवटी बंगला. फोटोत होता तसाच होता, हे कबूल करायला हवं. गेटच्या खांबावर प्लास्टिकमध्ये घातलेला क्यूआर कोड लोंबत होता. देवळाच्या दानपेटीवर असतो तसा. केअरटेकर पस्तिशीचा असेल. त्याने नमस्कार केला आणि नजर दुसरीकडे ठेवून म्हणाला, 'ताई, तेवढं डिपॉझिटचं...'

कोड स्कॅन केल्यावर जे नाव आलं ते मालकाचं नव्हतं आणि बंगल्याचंही नव्हतं. मी विचारलं, हे कोण? 'शेठचे मेहुणे.' पावती? 'पावती नाय देत, ताई. मोबाइलवर येतो ना मेसेज.' तोवर पोरं गेटच्या फटीतून आत जाऊन झोपाळ्यावर बसली होती, धाकट्या वहिनीला बाथरूमला जायचं होतं, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या बाबांसाठी कुणीतरी खुर्ची शोधत होतं. मी पैसे पाठवले. शेरा लिहायच्या जागेत बाबांनी मला शब्दशः लिहायला लावलं : 'नागाव बंगला, परत मिळणारी अनामत, दोन रात्री.' पंधरा हजार जायला तीन सेकंदं लागली.

मग बाबा खुर्चीवरून उठले. वही काढली. म्हणाले, 'चला, आता ताबा द्या.'

केअरटेकरला कळेना. 'आजोबा, चावी दिली की.'

'चावी म्हणजे ताबा नव्हे. काय काय आहे ते मोजून द्या. लग्नाच्या कार्यालयात भांडी कशी मोजून देतात? तसं.'

बरोबरच होतं. आपल्याकडे मंगल कार्यालय घेणारा माणूस डिपॉझिटला बिचकत नाही. तिथला भांडारी पातेली, झारे, वाट्या मोजून देतो, सही घेतो, दुसऱ्या दिवशी मोजून परत घेतो. कमी आलं तर प्रत्येक नगाचा दर आधीच लिहिलेला असतो. गॅस सिलिंडरचं डिपॉझिट भरलं की कागद मिळतो. पूर्वी वाण्याकडून सोड्याची बाटली आणली तर बाटलीचे पैसे ठेवून घ्यायचा, बाटली नेऊन दिली की तेवढेच परत. यांतल्या कुठल्याच अनामतीने आम्हाला कधी अपमान वाटला नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघेही एकच वस्तू बघत असत.

तासभर ते काम चाललं. भाचा मोबाइलवर चित्रण करत पुढे, बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे, मी लिहायला. प्लास्टिकच्या खुर्च्या १२, पैकी एकीचा पाय तडकलेला. काचेचे ग्लास ११. स्टीलचे ग्लास १६. एसीचे रिमोट ४, एकाला मागचं झाकण नाही. टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात उभी रेघ. वरच्या बाथरूममध्ये कमोडच्या झाकणाला तडा, बोटभर. पांढऱ्या चादरी ८, तिसऱ्या खोलीतल्या एकीवर चहाचा जुना डाग. केअरटेकर सुरुवातीला कंटाळून दाराला टेकून उभा होता. तिसऱ्या खोलीत तो पुढे आला आणि हळूच म्हणाला, 'आजोबा, गिझरचा नॉब पण लिहा. तो सैल हाय.' मग स्वयंपाकघरात त्यानेच मिक्सरचं भांडं काढून त्याची गळती दाखवली. शेवटी बाबांनी तारीख, वेळ घातली आणि वही त्याच्यापुढे धरली. त्याने सही केली. मला आश्चर्य वाटलं ते त्याच्या उत्साहाचं. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं.

ते दोन दिवस चांगले गेले असंच मी म्हणेन. दुसऱ्या दिवशी ओहोटी साधून मंडळी कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आली. बाबा किनाऱ्यावर बसून लांबून किल्ला बघत राहिले. संध्याकाळी पोपटी करायचं ठरलं होतं. बंगल्याच्या हिरवळीवर जाळ करायला बंदी होती, म्हणून शेजारच्या वाडीतल्या काकांनी त्यांच्या मोकळ्या जागेत मडकं लावून दिलं. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. मडकं उपडं केल्यावर जो वास सुटला तो अजून आठवतो.

पण घरात वावरताना आम्ही मोकळे नव्हतो. पैसे भरून घेतलेल्या घरात आम्ही परीक्षा द्यायला बसल्यासारखे होतो. मोठ्या वहिनीने पहिल्याच तासात काचेचे अकराही ग्लास वरच्या फळीवर ठेवून दिले आणि दोन दिवस सगळे स्टीलच्या ग्लासांतून चहा प्याले. पोरं सोफ्यावर चढली की चार मोठी माणसं एकदम ओरडत. भाऊ म्हणाला, 'घरच्या सोफ्याची पण इतकी काळजी घेतली असती तर तो अजून टिकला असता.' बाबांनी घेतलेली कांद्याची माळ ओटीवरच्या खिळ्याला टांगली होती, तर वहिनीने विचारलं, खिळा वाकला तर? यावर हसलो सगळे, पण माळ उतरवून ठेवली.

आणि इतकं जपूनही जे व्हायचं ते झालंच. शनिवारी दुपारी खानावळीतून जिताड्याचं कालवण आलं होतं. नातीने खाता खाता उठून आतल्या खोलीत धाव घेतली आणि कालवणाचा हात पांढऱ्या चादरीवर टेकला. पाची बोटं उमटली, पिवळीजर्द. हळदीचा डाग. वहिनीने लगेच साबण लावला, त्याने तो लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण घाबरल्यावर आठवत नाही.

मी केअरटेकरला बोलावून चादर दाखवली. म्हटलं, आमच्याकडून झालंय, मालकांना सांगा, काय असेल ते देऊ. त्याचा चेहरा उतरला. 'ताई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. कोण सांगत नाय. घडी करून ठेवून जातात. मागल्या महिन्यात किटली जळाली, त्याचे आठशे माझ्या पगारातून गेले.' मी म्हटलं, पाहुण्यांच्या डिपॉझिटमधून नाही कापले? 'ते पण कापले,' तो म्हणाला आणि चादर घेऊन गेला.

गिझरच्या नॉबचं गणित तेव्हा सुटलं. बाबांची यादी आमच्याइतकीच त्याच्याही कामाची होती. गेटवर माझ्या मनात राग होता तो याच माणसावर, कारण हात पसरून समोर तो उभा होता. मालक आम्हाला शेवटपर्यंत प्रत्यक्ष दिसला नाही.

रविवारी अकराला निघालो. केअरटेकरने मालकाला व्हिडिओ कॉल लावून सगळ्या खोल्या दाखवल्या. 'ऑल गुड,' मालक म्हणाला. डिपॉझिट? 'सात कामकाजाचे दिवस.' मी विचारलं, आम्ही दिले ते तीन सेकंदांत पोचले, परतीला सात दिवस का? म्हणाला, 'प्रोसेस असते, मॅडम.' यूपीआयला रविवार नसतो, बँक हॉलिडे नसतो, रात्र नसते. ही प्रोसेस बँकेची नव्हती. आमचे पैसे मेहुण्यांच्या खात्यात आठवडाभर बसण्याची होती.

भाचा बँकेत आहे. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, खरं तर पैसे खात्याबाहेर जायचीच गरज नाही. आयपीओला अर्ज केला की शेअर मिळेपर्यंत रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवतात, तशी एकवेळची मंजुरी यूपीआयमध्ये २०१८पासून आहे. मोठी हॉटेलं क्रेडिट कार्डावर तेच करतात, ठरावीक रक्कम फक्त रोखून ठेवतात आणि जाताना मोकळी करतात. पण खांबाला टांगलेल्या कोडाला एवढं कोण विचारणार?

बुधवारी मालकाचा हिशेब आला. कमोडचं झाकण साडेतीन हजार, चादर अडीच हजार, जादा साफसफाई दीड हजार. एकूण साडेसात हजार वजा. अर्धं डिपॉझिट गेलं.

मला राग आला होता. मी लांबलचक मेसेज लिहायला घेतला. बाबांनी तो वाचायला मागितला आणि सगळा पुसायला लावला. 'एकेक कलम घे,' म्हणाले. पहिलं, झाकण. वहीच्या पानाचा फोटो पाठव, सहीसकट, वेळेसकट. चित्रणातला तो तुकडाही पाठव. दुसरं, साफसफाई. बिलात अठराशे आधीच घेतलेत, त्याचा फोटो पाठव आणि जादा म्हणजे काय केलं ते विचार. तिसरं, चादर. इथे ते थांबले. 'चादर आपण खराब केली. ते द्यायचं. पण अडीच हजारांची चादर तिथे नव्हती.' भावाने दुकानात जाऊन तशाच पांढऱ्या डबल चादरीचा दर विचारून आणला, उशांच्या अभ्र्यांसकट नऊशे.

आमच्या सोसायटीत एक वकीलबाई राहतात. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली जुनी आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं चौऱ्याहत्तरावं कलम सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा झाली. त्याच्या आत, वाजवी भरपाईच मागता येते. म्हणजे 'डिपॉझिट जप्त' असं कुणी छापलं म्हणून चादरीसाठी पंधरा हजार त्याचे होत नाहीत. दुसरी गोष्ट नवी. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२०मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले, त्यांत वस्तू किंवा सेवेची एकूण किंमत सगळ्या आकारांच्या फोडीसकट दाखवायला सांगितलं आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा युक्त्या त्यांत नावानिशी दिल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे किंमत थेंबाथेंबाने सांगणं, काही भाग आधी लपवून ठेवणं आणि व्यवहार पक्का झाल्यावर उघड करणं. 'परत मिळणारी रक्कम ही किंमतच नव्हे, असं ते म्हणतील,' बाई म्हणाल्या. 'पण दीड महिना आधी पैसे घेऊन आदल्या रात्री अट सांगितली, हे तर खरं ना? तेवढंच लिहा.'

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता आलं. तक्रार बंगल्याच्या नावे न करता अॅपच्या नावे नोंदवली, कारण माझे शेहेचाळीस हजार अॅपने घेतले होते. तक्रारीचा क्रमांक मिळाला. तोच क्रमांक मालकालाही पाठवला, एक ओळ, वाद न घालता.

नवव्या दिवशी सकाळी चौदा हजार आले. मेहुण्यांच्याच खात्यातून. सोबत मेसेज : 'चादरीचे एक हजार कापले आहेत. धन्यवाद. पुन्हा या.' तक्रारीमुळे आले, वहीमुळे आले की ते तसेही येणार होते, मला सांगता येणार नाही. बाबा म्हणाले, नऊशेच्या जागी हजार, शंभर धुलाईचे समज. त्यांनी वहीत 'परत' असं लिहून खाली रेघ मारली.

मी ही हकिगत विजयकथेसारखी सगळ्यांना सांगत सुटले. गुहागरला माझी आतेबहीण असते. तिच्या घराच्या दोन खोल्या ती बरीच वर्षं पर्यटकांना देते, निवास-न्याहारी योजनेखाली. तिलाही फोनवर ऐकवलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, 'मीपण घेते हो डिपॉझिट. गेल्या वर्षीपासून.'

मी गप्प झाले.

तिने तिची बाजू सांगितली. आधी बारा वर्षं एक पैसा घेतला नव्हता. मग एका दिवाळीत मुलांचा घोळका आला, गादीला सिगारेटने भोक पाडून ती उलटी करून गेला. दुसऱ्या एका कुटुंबाने आंघोळीचे टॉवेल गाडी पुसायला वापरले. 'आणि पितळी तांब्या, आजीचा. खोलीत पाण्याला ठेवायची मी. तो गेला. कुणी नेला कळलं नाही, कारण मी मोजतच नव्हते. पाहुण्यांची भांडी मोजायची कशी, लाज वाटते ना?' तांब्या गेल्यावर तिने दोन हजार घ्यायला सुरुवात केली. तीही आल्यावरच सांगते. का? 'फोनवर सांगितलं तर लोक दुसरीकडे जातात ना.'

नागावचा मालकही हेच म्हणाला असता. फरक एवढाच की हिला मी ओळखते. ही लबाड नाही. तिच्या दोन हजारांमागे एक हरवलेला तांब्या आहे, आणि तरीही तिच्या ओटीवर उन्हात उभं राहून पाकीट काढणाऱ्या माणसाला तेच वाटत असणार, जे मला गेटवर वाटलं. आपल्यावर चोराचा संशय घेतलाय, तोही आपले पैसे घेऊन झाल्यावर.

मी बाबांना विचारलं, मग बरोबर कोण? ते म्हणाले, 'अनामत घेण्यात गैर काय आहे? शब्द तरी बघ. हिंदीवाले अमानत म्हणतात. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ज्याच्याकडे ठेवली त्याने ती आपली समजायची नाही, एवढीच अट. आधी सांगा, किती ते सांगा, कशाने बुडेल ते सांगा आणि मोजून द्या-घ्या. मग लाख घ्या.'

त्यानंतर आम्ही दोनदा बाहेर राहिलो, एकदा दिवेआगरला आणि एकदा भंडारदऱ्याला. आता मी पैसे भरायच्या आधी घरमालकाला लेखी विचारते. आल्यावर आणखी काही द्यावं लागेल का, किती, कुणाच्या खात्यात, कशाबद्दल कापणार आणि कोणत्या दिवशी परत. उत्तर अॅपच्या खिडकीतच मागते, म्हणजे नोंद राहते. भंडारदऱ्याच्या मालकाने पाच हजार सांगितले, निघताना गेटवरच परत देईन म्हणाला आणि दिलेही. तिथे आम्ही काचेच्या ग्लासांतून चहा प्यालो.

आतेबहिणीने मध्यंतरी पुन्हा फोन केला. आता ती फोनवर बुकिंग घेतानाच डिपॉझिट सांगते. एक-दोघं दुसरीकडे गेले म्हणाली, पण आलेले कुरकुरत नाहीत. मग म्हणाली, 'मामांना सांग, मला एक यादी करून द्या. तुमच्यासारखी.' बाबांनी तिच्याकडून एकेका वस्तूचा फोटो मागवला, चार दिवस वहीत कच्चं केलं आणि मग फुलस्केपवर ठसठशीत अक्षरांत पक्कं. गादी २, टॉवेल ४, बादली १, मग १, प्रत्येकापुढे दर. ती यादी आता तिच्या खोलीत दाराच्या मागे चिकटवलेली आहे. शेवटच्या ओळीत लिहिलंय : तांब्या १, स्टीलचा. पितळी होता, तो आता नाही.